पाहुण्यांची लाकडं

माझी डॉक्टरेट चुलीवर आहे हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे तुम्हाला भाकरी छान येत असेल!" मला भाकरी येत नाही. मी नागपूरच्या गॅसच्या घरात वाढले, इंजिनिअरिंग केलं, आणि १९८४ साली नॉर्थ कॅरोलायनात आले ती रॉकेटमधलं ज्वलन शिकायचं म्हणून. रॉकेटवाल्या प्रोफेसरांकडे जागा नव्हती, चुलीवाल्या बाईंकडे होती. घरी पत्रात मी नुसतं 'ज्वलन' एवढंच लिहिलं. आईला कळलं असतं की तिची लेक सातासमुद्रापार जाऊन चूल फुंकते आहे, तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. वर्षभर मी चिडचिड करत धूर मोजला. ती चिडचिड एका बाईंमुळे थांबली. त्यांचं नाव गोदावरीबाई. आम्ही सगळे त्यांना गोदाकाकू म्हणायचो.

काकू मला पहिल्यांदा दिसल्या त्या जवळच्या कॅरी गावच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला. तळ्याकाठी लोखंडी शेगडीत कोळसे पेटवायचं काम चार इंजिनिअर करत होते. चौघांच्या मिळून किती डिग्र्या होत्या देव जाणे, पण कोळसा पेटत नव्हता. एक जण त्यावर डब्यातलं तेल ओतायचा, भडका उडायचा, सगळे मागे सरायचे, आणि पुन्हा काळं ते काळंच. "यार, हवाच दमट आहे," असं एकाने जाहीर केलं.

तेवढ्यात काठापदराचं लुगडं नेसलेली, साठीच्या आतबाहेरची एक सावळी बाई उठली. "सरा रे बाबांनो," ती म्हणाली. "तेल पाजून कुठं इस्तू पेटतो का?" तिने सगळे कोळसे बाहेर काढले. पाइनच्या वाळक्या सुया आणि काटक्या खाली रचल्या, वर दोन कोळसे असे तिरके ठेवले की मधून वाट राहील, आणि एकच काडी ओढून खाली वाकून फुंकर घातली. ती फुंकर मी कधी विसरणार नाही. जोराची नव्हती. लांब, बारीक, एकसारखी होती, आणि ज्योत तिच्यामागोमाग कोळशाकोळशाला शिवत गेली. धुराची रेघसुद्धा उठली नाही. मी तोवर वर्षभर ज्वलनाची समीकरणं सोडवत होते, आणि इथे ती समीकरणं एका बाईच्या ओठांवर होती. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

काकू परभणीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा जगन्नाथ लवकर गेला. मुलगा अतुल शिष्यवृत्तीवर शिकत शिकत कॅरीजवळच्या एका कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, आणि वडील गेल्यावर आईला इकडे घेऊन आला. मुलगी सुलेखा त्याच तालुक्यात टाकळवाडीला दिलेली. सुलेखाला खोकला होता. डोळे बारमाही लाल. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "धुरापासून लांब राहा." आता चूल घरात, घर दोन खणांचं, खाणारी तोंडं आठ, लांब म्हणजे बाईनं जायचं कुठं? अतुलने गॅस घे म्हणून पैसे पाठवले होते. पण तालुक्याच्या गावीच गॅससाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले होते. टाकळवाडीपर्यंत तर सिलिंडर यायची वाटच नव्हती.

हे मला कळलं तेव्हा मी ताडकन उभी राहिले, कारण टाकळवाडी हे नाव मी रोज वाचत होते.

आमच्या प्रोफेसर मिल्स या उंच, वाळक्या, हट्टी बाई होत्या. मराठवाड्यात दोनदा जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या एका संस्थेबरोबर त्यांनी मातीचीच, पण धुराडं असलेली एक नवी चूल तयार केली होती. ती पाच गावांत घरोघर घालून द्यायची, असा बेत होता. त्या पाचांत टाकळवाडी होतं. पैसे देणार होती वॉशिंग्टनची एक संस्था, आणि तिची अट सरळ होती: नवी चूल जुन्या चुलीपेक्षा निम्म्याने तरी कमी धूर करते, हे आमच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दाखवा. दाखवलंत तर पाच गावं तुमची, नाहीतर राम राम.

दाखवायचं तर स्वयंपाक कोण करणार? तोवर जुन्या चुलीवर मी पाणी उकळत होते. नुसतं पाणी. आणि तेही मला धड जमत नव्हतं.

"सुलेखाला चूल भेटंल म्हनतेस?" काकूंनी विचारलं.

"आकडे नीट आले तर मिळेल."

"मग मी येते," काकू म्हणाल्या. "भाकरी करायला काय लागतंय?"

प्रयोगशाळेच्या मागे, पाइनच्या झाडीत आम्ही एक खोपट उभं केलं होतं. टाकळवाडीतल्या स्वयंपाकघराच्या मापाचं, एक दार, एक झरोका. भिंती इथल्या लाल मातीच्या. काकूंनी ती माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "माती लाल हाय, पन गुणी हाय." मग त्यांनी शेण मागितलं. गोवऱ्या काही विमानातून आणता येत नाहीत, कस्टमवाले कोर्टात खेचतील. तेव्हा मिल्सबाई आम्हाला एका डेअरी फार्मवर घेऊन गेल्या. काकूंनी लुगडं वर खोचलं आणि त्या गोऱ्या शेतकऱ्याच्या कोठाराच्या पांढऱ्या भिंतीवर पाच बोटांचे ठसे उमटवत ओळीने गोवऱ्या थापल्या. तो शेतकरी टोपी हातात धरून बघत राहिला. नंतर त्याने मला हळूच विचारलं की हे काही धार्मिक आहे का. मी "हो" म्हटलं, कारण तेवढ्यावर सुटका होत होती.

कापसाच्या पऱ्हाट्या पूर्वेकडच्या एका शेतातून आल्या. ज्वारी आणली गुरांच्या खाद्याच्या दुकानातून, कारण अमेरिकेत ज्वारी गुरं खातात. हे ऐकून काकू म्हणाल्या, "गुरं सुखी हायेत."

मग रोज सकाळी काकू स्वयंपाक करायच्या आणि मी धूर मोजायचे. मोजायची रीत सोपी. एक रबरी नळी काकूंच्या नाकाच्या उंचीला टांगायची, पंप लावायचा. काकू जी हवा घेतात तीच हवा पंप घेणार आणि एका पांढऱ्याशुभ्र गोल कागदातून गाळणार. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा कागद. स्वयंपाक संपला की तो काढून वजन करायचं. पहिल्या दिवशी मी जुन्या चुलीचा कागद काढून काकूंपुढे धरला. तो तव्याच्या बुडासारखा झाला होता. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे एवढं? एका सकाळचं?"

"हो."

"आन हे आत जातंय?"

"हो, काकू."

धूर हा प्रकार काकूंच्या लेखी वाऱ्यापावसासारखा होता. येतो, डोळे झोंबतात, जातो. तो कुठेतरी साठतो, त्याला वजन असतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आणि मीही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं म्हणायला हरकत नाही, कारण तोवर तो माझ्यासाठी तक्त्यातला आकडा होता. नव्या चुलीचा कागद दुसऱ्या दिवशी निघाला तो नुसता करडा. मिल्सबाईंनी आनंदाने टाळी वाजवली. महिनाभर आकडे तसेच येत राहिले. आम्ही वॉशिंग्टनला कळवलं, या.

आले ते मिस्टर ब्रॅडी. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला राहणारे, स्वतः गाडी चालवत आलेले, टाय लावलेले, सभ्य गृहस्थ. कधी कुठल्या खेड्यात राहिले नसावेत, पण माणूस वाईट नव्हता. त्याच दिवशी स्थानिक टीव्हीची एक बाई कॅमेरावाल्याला घेऊन आली. विद्यापीठातली काहीतरी गोड बातमी तिला हवी होती.

त्या दिवशी काकू ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. खोपट आरशासारखं झाडून घेतलेलं, दारात चार रेघांची रांगोळी. मी म्हटलं, वा! मला आनंदच झाला. पऱ्हाट्यांचा भारा कुठे दिसत नव्हता, ताडपत्रीखाली झाकलेला होता. मला वाटलं, कॅमेऱ्याला बरं दिसावं म्हणून झाकला असेल.

काकू आधी जुन्या चुलीपुढे बसल्या. पंप सुरू झाला. विस्तव पेटला तो पिकनिकला पेटला होता तसा, पण त्याहून देखणा. निळसर कडा असलेली, शांत, उभी ज्योत. भाकऱ्या थापल्या गेल्या, तव्यावर पडल्या, निखाऱ्यावर टम्म फुगल्या. खोपटात धूर असा नव्हताच. टीव्हीवाली बाई आत जाऊन काकूंच्या शेजारी मांडी घालून बसली आणि भाकरीचा तुकडा खाऊन "ओह माय गॉड" म्हणाली. मग नव्या चुलीची पाळी झाली. दोन्ही कागद मी काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही जवळजवळ सारखे. करडे.

मिल्सबाई पांढऱ्याफटक पडल्या. ब्रॅडीसाहेब मात्र प्रसन्न दिसत होते. "माझ्या मते या बाईंना आपल्या चुलीची गरजच नाही," ते म्हणाले. "गरज आहे ती बाकीच्या बायकांना यांच्यासारखं शिकवायची. वाळकं सरपण, नीट रचना. दोनचार पोस्टरं छापली की काम होईल. खर्चही किती वाचेल!" मिल्सबाईंनी महिन्याभराचे आकडे पुढे केले. ते त्यांनी आदराने चाळले आणि म्हणाले, आपण डोळ्यांनी जे पाहिलं ते पाहिलं.

टीव्हीवरची बातमी शुक्रवारी लागली. भारतातल्या खेड्यातली आजी आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञ, आजी जिंकली. साध्या माणसांच्या शहाणपणाबद्दल शेवटी दोन वाक्यं, आणि फुगणारी भाकरी. लोकांना ती इतकी आवडली की रविवारी पुन्हा दाखवली. मंडळातल्या सगळ्यांनी टेप केली. सुपरमार्केटमध्ये एका गोऱ्या बाईने काकूंना ओळखून मिठी मारली. ब्रॅडीसाहेबांनी टेपची एक कॉपी मागवून घेतली, त्यांच्या कमिटीला दाखवायला. टाकळवाडीचा निकाल त्या भाकरीनेच लावला होता म्हणायचा.

माझा पारा चढला होता. मी तडक अतुलच्या घरी गेले. काकू सोफ्यावर बसून नातीबरोबर तीच टेप बघत होत्या. नात दीपा दहा वर्षांची. ती उड्या मारत होती: "आजी, यू आर फेमस!"

"काकू," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही नक्की काय जाळलंत?"

काकूंचा चेहरा खुलला. "बगितलंस? आला का धूर पाव्हन्यांच्या डोळ्यात? अगं, दोन दिस आधी मी ओकाच्या ढलप्या निवडून आनल्या. अतुलच्या त्या ओव्हनात घातल्या. कडकडीत वाळल्या! आपल्याकडं माळ्यावर बाभळीची लाकडं अशीच वेगळी ठेवतेत. ती पाव्हन्यांची लाकडं. रोज त्यांना हात लावायचा नसतो. रोजच्याला पऱ्हाट्या, गवऱ्या, ओलं-सुकं जे घावंल ते. पन पाव्हना आला, जावई आला, की ती लाकडं काढायची. पाव्हन्याच्या डोळ्यात पानी आलं तर बाईची काय अब्रू राहिली?"

अतुल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "म्हणून घरभर तो वास येत होता होय," तो म्हणाला. "मला वाटलं, ओव्हन शॉर्ट झाला."

मला हसू येत नव्हतं. मी काकूंना सांगितलं. टीव्हीने काय म्हटलं ते, आणि ब्रॅडीसाहेबांनी काय ठरवलं ते. पोस्टरं येणार, चुली येणार नाहीत. दीपाने टीव्ही बंद केला. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हंजे," त्या अखेर म्हणाल्या, "मी चांगली चूल पेटवली म्हनून सुलेखाला चूल नाही?"

"हो."

"हे कुठलं शास्त्र गं?"

पुढे पंचवीस वर्षं मी याच क्षेत्रात काढली, मोठमोठ्या दालनांत बसले, आणि जिथे जिथे कोणी पाहुणा गाव 'बघून' आला तिथे तिथे हेच झालेलं पाहिलं. गाव आपली पाहुण्यांची लाकडं काढतं. पाहुणा म्हणतो, इथे तर सगळं छान आहे.

काकू उठल्या, आत गेल्या, तोंड धुऊन आल्या. "बोलव त्या बाबाला परत," त्या म्हणाल्या. "म्हनावं, तवा पाव्हना म्हनून जेवलास. आता घरचा म्हनून ये."

"आई, वेड लागलंय का?" अतुल म्हणाला. "आणि हे मुद्दाम धुरात बसायचं? या वयात? वीणा, तू तरी सांग ना."

"सुलेखा काय मुद्दाम बसते का?" काकूंनी विचारलं.

मिल्सबाईंनी फोन केले. टीव्हीवाली बाई गोड आवाजात म्हणाली, ती स्टोरी झाली आता. ब्रॅडीसाहेब मात्र यायला कबूल झाले. त्यांची कमिटी अजून बसायची होती, आणि मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

त्या सकाळी काकू जुनेरं नेसून आल्या. रांगोळी नाही. पऱ्हाट्यांचा भारा त्यांनी आदल्या दिवशीच बादलीत बुडवून ठेवला होता, श्रावणात छप्पर गळून भिजतो तसा. गोवऱ्या ओल्या मातीवर ठेवलेल्या. झरोक्यात पोतं कोंबलं, कारण पावसाळ्यात तिथे पोतंच असतं. मिल्सबाई हात चोळत होत्या. आजच्या काळात अशा प्रयोगाला कोणी परवानगी दिली नसती, आणि तेव्हाही त्या दर थोड्या वेळाने म्हणत होत्या, वीणा, त्यांना सांग, कधीही बाहेर या. मी सांगत होते. काकू मान हलवत होत्या आणि चूल रचत होत्या.

ब्रॅडीसाहेब आत जाऊन भिंतीशी बसले. टाय, कोट, सगळं तसंच.

ओली पऱ्हाटी पेट घेत नाही. ती आधी रडते. टोकांतून फेस आला, मग पिवळट, जाड धूर उठला आणि वर न जाता काकूंच्या तोंडापाशी गोळा झाला. काकूंनी फुंकर घातली. तीच लांब, बारीक फुंकर, पण ज्योत येईना. पुन्हा फुंकली. धूर छपराला लागून खाली उतरू लागला. ब्रॅडीसाहेबांनी रुमाल काढला. थोड्याच वेळात ते धडपडत दाराबाहेर आले, पाइनच्या बुंध्याला हात टेकवून खोकत उभे राहिले, आणि खोकता खोकता दाराकडे बघत राहिले, कारण दारातून आता फक्त धूर दिसत होता आणि धुरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप थप थप.

मी पंपाशी होते. पंपाचा आवाज बदलला. कागद इतका भरला होता की हवा ओढता येईना. यंत्र घरघरायला लागलं. यंत्र दमलं आणि बाई दमली नव्हती. मी दारातून डोकावले तेव्हा धुराच्या खाली, जमिनीलगत, काकू दिसल्या. डोळे मिटलेले. मिटल्या डोळ्यांनी त्या भाकरी थापत होत्या, तव्यावर टाकत होत्या, पाणी फिरवत होत्या, उलटत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं. मध्ये खोकल्याची उबळ आली की तोंड पदरात दाबायच्या आणि पीठ घ्यायच्या. मी हाक मारली, "काकू, पुरे!" त्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. घरात आठ माणसं आहेत, त्यांच्या भाकऱ्या झाल्याशिवाय कोणती बाई उठते?

मी देवभोळी नाही. पण त्या दारात उभी असताना माझे हात आपोआप जोडले गेले होते. ही एका सकाळची गोष्ट होती. मी ज्या देशातून आले त्या देशातल्या कितीतरी कोटी घरांत हे त्याच घटकेला चालू होतं, रोज चालू होतं, हजार वर्षं चालू होतं, आणि त्यातून माणसं जेवून उठत होती.

भाकऱ्या झाल्यावर काकू बाहेर आल्या. चेहरा काळवंडलेला, डोळे सुजलेले, नाक वाहतंय. हातात ताटली होती. ती त्यांनी ब्रॅडीसाहेबांपुढे धरली. "धुरकट झाली हाय म्हनावं," त्या मला म्हणाल्या. "रागावू नको म्हनावं." मी भाषांतर केलं. त्या माणसाने उभ्या उभ्या ती भाकरी सगळी खाल्ली. त्याचेही डोळे लाल होते. मग त्याने विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही हे का नाही दाखवलं?"

मी काकूंना सांगितलं. काकूंना प्रश्नच कळला नाही. "पाव्हन्यापुढं धूर कोन करतं?" त्या म्हणाल्या.

मी कागद आणून त्याच्या हातावर ठेवला. काळा, ओलसर, चिकट. त्याने तो बराच वेळ धरून ठेवला. त्यानंतर महिन्याभराचे आकडे त्याने पुन्हा मागून घेतले आणि पोस्टरांचा विषय काढला नाही. गाडीतून कॅमेरा आणला आणि म्हणाला, अहवालात बाईंचा फोटो हवा, आत्ताचाच, असाच. अहवाल दिल्लीला जाईल, मुंबईला जाईल, चुली ज्या जिल्ह्यात घालायच्या तिथेही जाईल.

काकूंनी चटकन पदर तोंडावर ओढला. "कुठं जाईल म्हनतो?"

"परभणीला, काकू. कदाचित गावातसुद्धा."

"म्हंजे जावा-भावजया बगतील." त्या पदराआडून बोलत होत्या. "म्हनतील, गोदीला साधी चूल पेटवता आली नाही. अमेरिकेत जाऊन गोऱ्या मानसाला धुरात कोंडलं."

"नाही दिला तरी चालेल," मी म्हटलं. "आकडे आहेत आता आपल्याकडे." आणि मी ते मनापासून म्हणत होते. त्या बाईंची सगळी दौलत एवढीच होती, की त्यांच्या चुलीपुढे कधी कुणा पाहुण्याचे डोळे भरले नाहीत.

मग काकूंनी पदर खाली घेतला, काळवंडलेलं तोंड वर केलं आणि न पुसता कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. "काढ म्हनावं," त्या म्हणाल्या.

पैसे मंजूर झाले. पाच गावांत चुली घातल्या गेल्या. पुढल्या वर्षाच्या थंडीत काकू गावी जाऊन आल्या आणि परतल्यावर एका दुपारी प्रयोगशाळेत आल्या, माझ्यासाठी तिळाचे लाडू घेऊन. मला आधी चुलीचं ऐकायचं होतं. काकूंनी काही झाकलं नाही. धुराडं एका जागी गळतं. भाकरी निखाऱ्यावर फुगायची तशी त्या चुलीवर फुगत नाही. दोघीतिघींनी तर ती फोडून पुन्हा जुनी मांडली. आणि हो, तो फोटो काकूंच्या गावच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर लावलाय. मोठी जाऊ त्यापुढे उभी राहून हसली होती.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत तिला खरं काय ते?"

"कशाला?" काकू म्हणाल्या. लाडवाचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी सुलेखाच्या घरी गेले ना, तवा ती स्वैपाकच करत होती. मी चुलीपाशी बसले. तिनं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, सगळ्या भाकऱ्या होईस्तवर माझ्याशी बोलत होती. सासूचं सांगितलं, पोरांचं सांगितलं, लहानपनचं काय काय काढलं. हसत होती. मी नुसती तिच्या तोंडाकडं बगत बसले. आमच्या घरी चुलीपुढं कोनी बोलायचं नाही गं. तोंड उघडलं की धूर आत. माय बोलली नाही, मी बोलले नाही, माझ्या शेजारी बसून ही इवलीशी पोर भाकरी शिकली तीबी मुकाट शिकली."

त्यांनी पदराने डोळे टिपले.

"मला इतके दिस वाटायचं, माझी लेक अबोल हाय."